कलम चौदा

भायलीच्या पुढं, शेतं संपता संपता आमची सोसायटी.
साठी उलटलेल्यांनाच प्रवेश.
बेचाळीस घरं, सगळ्यांना एकच बदामी रंग,
आणि दस्तात कलम चौदा:
दर्शनी भागात नावाच्या पाटीखेरीज काही लावू नये,
पाटी नऊ इंच बाय चार.

मी वडोदऱ्याच्या कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखिका,
म्हणून सभेचं इतिवृत्त माझ्याकडे.
बोललेलं सगळं लिहायचं नसतं,
एवढं शिकले.

लीला चिवडा फिरला, चहा फिरला,
मग विषय क्रमांक तीन.

मागं खानविलकरांनी कुंपणावर उमेदवाराचा फोटो टांगला,
दोन दिवसांत उतरला.
मंजुळाबेनच्या ‘घरगुती खाखरा मिळेल’ला नोटीस गेली.
कर्नल रेग्यांची ‘कुत्र्यापासून सावध’ही काढली;
कुत्रा त्याच्या आधीच गेला होता.
उरली फक्त मागच्या कोतरापाशी वनखात्याची,
‘मगर दिसल्यास कळवा’.
ती आमच्या हद्दीबाहेर.

आणि आता दिघ्यांच्या अंगणात
दोन फुटांचा पत्रा, बांबूला सुतळीनं बांधलेला,
काळ्या तैलरंगात:
दीघे यांचे घर हेच.

धनसुखभाई अध्यक्ष. चष्मा नाकाच्या टोकावर.
‘आज एक पत्रा, उद्या जत्रा.’
कर्नल म्हणाले, ‘माझ्या कुत्र्याला जो न्याय...’
आणि वाक्य तिथंच ठेवून चहा प्याले.
मंजुळाबेन म्हणाल्या, मास्तर तीनदा आमच्याकडे शिरले,
एकदा तर पाटावर बसले जेवायला.
मग काय केलंत?
‘वाढ्युं. बीजुं शुं?’

फणसे म्हणाले, लावायचाच तर शुद्ध तरी लावा,
दिघ्यांची दि ऱ्हस्व.
‘जोडणी खोटी छे,’ धनसुखभाईंनीही मान डोलावली.
हशा झाला. मीही हसले, थोडी.

दिघेबाई उठल्या. मांडीवरची पर्स खुर्चीवर ठेवली.
‘आधी बरोबरच लिहिलं होतं.
आठ दिवस यांनी ते वाचलं, आणि पुढं गेले.
चाळीस वर्षं मराठी शिकवलं.
बरोबर असेल तिथं थांबायची सवयच नाही.
दीर्घ केली, त्या दिवसापासून थांबतात.
फाटक ढकलून आत येतात,
खिशात लाल पेन्सिल शोधतात.
ती सापडेपर्यंत मी दारात पोचते.’

पंख्याचा आवाज इतिवृत्तात येत नाही.

धनसुखभाईंनी कलम पुन्हा वाचलं, मनात.
‘नऊ बाय चारमध्ये नाही बसणार?’
‘बसेल. यांना दिसणार नाही.’
‘मोतीबिंदू?’ कर्नलनी विचारलं.
‘दोन्ही.’

शिर्के तेवढे अडून राहिले.
नियम म्हणजे नियम. उद्या कुणाला काय सांगणार?
कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही.
गेल्या साली त्यांची मालती गेली
तेव्हा तिच्या नावाची पाटी आपल्या पाटीखाली राहू द्या
म्हणून त्यांनी अर्ज दिला होता.
आम्ही कलम दाखवलं. एका घराला एकच.
उत्तर मीच टंकलं होतं,
‘आपला विश्वासू’सकट.

हात वर करायला कुणी सांगितलं नाही.
मी लिहिलं:
विषय क्रमांक तीन. चर्चा झाली. पुढील सभेवर.

पुढच्या सभेची विषयपत्रिकाही मीच टंकते.
सत्तरीत नजर चुकते माणसाची:
दोननंतर एकदम चार.

शिर्क्यांच्या लक्षात येईल.
त्यांच्या येतंच.
बघू.