किरकोळ पीठ

बलदियाच्या खिडकीत विचारलं, माल कोणता?
मी म्हटलं, भाजणी.
अर्जावर जागा होती, शब्द नव्हता.
झुलेखाने मोडक्या अरबीत दोन्ही हात फिरवून
कढई दाखवली, जातं दाखवलं,
आणि त्या भल्या माणसाने लिहिलं :
पीठ, मिश्र, किरकोळ.

तर तेव्हापासून आम्ही किरकोळ.
रुवीत, शिंप्यांच्या गल्लीमागे,
एक चक्की, दोन चाळण्या, एक कढई.
ती खेडच्या परकारांची, मी देवरुखची.
भांडवल तिच्या बांगड्या आणि माझी ग्रॅच्युइटी,
आणि गाळ्याचं भाडं, जे दोघींनी
आपापल्या नवऱ्यांपासून सहा महिने लपवलं.

डोंगर इथले उघडे,
जास्त भाजलेल्या धण्यांच्या रंगाचे.
जूनमध्ये वाटतं कढई बाहेरच ठेवावी,
गॅस तरी वाचेल.

गिऱ्हाइकं मोजून एकशे बारा घरं.
प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, आणि प्रत्येकाचं बरोबर.
दारसैतचे पेंढरकर : उडीद मूठभर कमी, आईला बाधायचा.
आई जाऊन नऊ वर्षं झाली. उडीद अजून कमीच.
बरकाची नर्स विशाखा : धणे दुप्पट, कारण विचारायचं नाही.
आणि सोहारहून दोन तास गाडी हाकत येणारा क्रेनवाला,
ज्याला प्रमाण माहीतच नाही.
वासावरून सांगतो, म्हणतो,
आणि कढईपाशी डोळे मिटून उभा राहतो.
मी ढवळत राहते.
थोडं अजून, म्हणतो. थोडं अजून.
आता.

रमजानच्या तोंडावर राज्य झुलेखाचं :
सांदणांसाठी तांदळाची कणी, घावनांचं पीठ,
मी नुसती चाळते आणि बोलणी खाते.
खलफान, ज्याच्या नावावर परवाना आहे,
दर गुरुवारी हरीसचा गहू भरडून नेतो.
पैसे देतो. आम्ही नको म्हणतो.
तो गल्ल्यावर ठेवून निघून जातो.

मी वीस वर्षं हिशेब लिहिले.
बुडालेल्याला वहीत रकाना असतो,
निघून गेलेल्याला नसतो.
यंदा एकवीस घरं गेली.
कुणाची कंपनी मिटली, कुणाची मुलगी बारावीला.
पेंढरकर वहिनी राहिलेले चार रियाल द्यायला आल्या,
आणि दारातून परत वळून म्हणाल्या,
तिकडे कुरिअर करता का हो?
पुण्याला? भाजणी?
हो, म्हणाल्या. तिथली यांना आता
आईसारखी लागत नाही.
झुलेखा इतकी हसली की चक्की बंद करावी लागली.
मग तिनेच पत्ता लिहून घेतला, दोनदा वाचून.

क्रेनवाला मार्चपासून आलेला नाही.
फोन लागत नाही.
वहीत त्याच्या नावापुढे कोरं.

परवा रात्री, ऑर्डर कुणाचीच नसताना,
झुलेखा म्हणाली, भाज जरा. आठवतं का बघू.
मी ढवळत राहिले,
ती डोळे मिटून.
अजून नाय, म्हणाली.
अजून नाय.