उसनं अक्षर

झुगदिदीच्या बसस्टँडमागे, चाव्या बनवणाऱ्याला लागून
त्सिआलाचं झेरॉक्सचं दुकान.
एक प्रिंटर, खोकणारा.
एक कॉम्प्युटर, त्यात लिनक्स;
लायसन्सला पैसे नव्हते तेव्हा मुलानं घालून दिलेलं,
आणि मग तो पोलंडला गेला
फ्रीजची दारं बसवायला.

उशांगी लोमाया आला, टोपी हातात.
बायकोला जाऊन छत्तीस दिवस झालेले.
चाळिसाव्याला जेवायला येतील त्यांना
तिचे शब्द द्यायचेत म्हणाला, छापून.
मिंग्रेलियन. शाळेत कधीच न शिकवलेले.
वहीत एकशे बारा शब्द,
कापडावर खुणा करायच्या खडूपेन्सिलीनं लिहिलेले.

त्सिआला टाइप करत गेली.
गोल गोल अक्षरं, कोपरा म्हणून नाही कुठे,
आणि मध्येच एक चौकोन.
चार भिंती, दार नाही.

हे काय?
हे अक्षर या फाँटात नाही.
नाही म्हणजे?
तिबिलिसीत लागतात तेवढी आहेत. हे आपलं.
कुठला शब्द तो?
घर, ती म्हणाली.

मग त्यानं तो म्हणून दाखवला, जणू तिला माहीतच नाही:
उदे. पण उच्याही आधी
घशात एक बारीक अडखळ,
अंधारात उंबऱ्याला ठेच लागावी तशी.
नेमकी तीच अडखळ
चौकोनात बसली होती.

मागच्या वर्षी एका लग्नाच्या दोनशे पत्रिकांवर
तिनं हे अक्षर पेनानं भरलं होतं.
यंदा तिनं पोराला फोन लावला.
त्याची जेवणाची सुट्टी, मागे यंत्रांचा घरघराट.
आई, टिंबानं सुरू होणारं फोल्डर आहे बघ,
दिसत नाही, पण असतं.
त्यात दुसरा फाँट टाक. मग यादी नव्यानं करायला सांग.
आणि एक नियम लिहून ठेव:
ज्याच्याकडे अक्षर नाही
त्यानं शेजारी मागावं.
एकदाच लिही. मग आपोआप.

आपोआपला संध्याकाळचे सात वाजले.
एक कंस मिटायचा राहिला
तर सगळा पडदाच रुसला;
तिनं वही काढली, त्याच्या अक्षरातली,
कॉफीचा डाग पडलेलं पान,
ओळ ओळ बोट ठेवून ताडून पाहिली.
चावीवाला शटर ओढून गेला.
म्हातारा स्टुलावर पेंगत होता.

आणि मग काही झालंच नाही.
आवाज नाही, उजेड नाही.
फक्त चौकोन नव्हते.
एकशे बारा शब्द, सगळे पुरे.

कागद बाहेर आला, गरम.
उशांगीनं तो डोळ्यांपासून लांब धरला,
मग आणखी लांब.
हे एक अक्षर जाड दिसतं, म्हणाला.
उसनं आहे, दुसऱ्या घरचं, त्सिआला म्हणाली,
पंगतीला खुर्च्या कमी पडल्या की
शेजारची आणतो ना, तशी ती वेगळी दिसतेच.
थांबा, बारीक करते.

नको.
तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.
असू दे तसंच.
ती ते जरा जोरातच म्हणायची,
जेवण गार व्हायला लागलं आणि मी अजून
कुंपणापाशी गप्पा मारत उभा असलो की.

साठ प्रती, म्हणाला,
आणि टोपी घातली.