बदली

फिलिपच्या वहीत लिहिलंय : म्युनिक, दोन किलो, जर्मन.
कंपनीच्या नावाखाली दोन रेघा,
दुसरी इतकी दाबून की मागच्या पानावर उमटलीय.
त्या कंपनीची पोती आता येत नाहीत.
पुण्याचा पोरगा फोनवर म्हणाला,
काका, बेल्जियमचं आहे, हरियाणाचं आहे,
नाव तेच की, म्युनिकच.

नाव तेच.
वडणग्याचा गूळ आणि सांगरूळचा गूळ, नाव तेच.
शाहूपुरीतला अडत्या ढेपेचा कोपरा नखानं खरवडतो,
जिभेवर ठेवून डोळे मिटतो,
आणि सांगतो ऊस कुठल्या रानातला,
गुळव्या त्या रात्री घरी भांडून आला होता का तेसुद्धा.

गच्चीवर मी तीन बशा मांडल्या.
जर्मन, बरणीच्या तळाची शेवटची मूठ :
बेकरीतल्या पावाची खरपूस कड.
बेल्जियमचा घाईनं गोड होतो, मग शेंगदाण्याच्या सालासारखा
घशाशी रेंगाळतो.
हरियाणाचा दाताला टणक. काहीच बोलत नाही.
गिळून झाल्यावर, उशिरा, थोडा गोड.
कागदावर रंगाचे आकडे : पंधरा, पंचवीस, अठरा.
कुमुद म्हणाली, म्हशीसारखं रवंथ काय लावलंय?

पहिल्यांदा मी वजनाला वजन लावलं.
दोन किलो जर्मन वजा, दोन किलो बेल्जियम जमा.
सहासष्ट अंशांवर तास झाला, दीड तास झाला,
पालथ्या बशीवरचा आयोडिनचा थेंब
शाईसारखा निळा तो निळाच.
जास्त भट्टी खाल्लेला दाणा,
आपलीच पिठी सोडवायची ताकद त्याच्यात उरलेली नव्हती.
सगळं मोरीत ओतलं. दोन दिवस मोरीला
शिरा करपल्याचा वास.

सहा वर्षं मी उद्यमनगरात बदलीवर होतो.
सकाळी फाउंड्रीच्या गेटवर उभं राहायचं,
कोण आलं नाही ते मुकादम बघायचा,
आणि बोट दाखवून म्हणायचा, आज तू माने.
मग मी माने.
मान्यांचा लॅडल, मान्यांच्या उंचीला बेतलेला दांडा,
आणि माने डावखुरे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्या दिवशी निम्मं लोखंड साच्याबाहेर सांडलं.
उजव्या पोटरीवर अजून त्याची खूण आहे, पावलीएवढी.
दुसऱ्या दिवशी कुणीतरी, कोण ते आजही ठाऊक नाही,
माझ्या पायाखाली एक फळकूट सरकवून गेलं.

तर हरियाणाचा घेतला.
त्याच्याखाली अर्धा किलो फिक्कट माल्ट,
वर खडीसाखरेसारखा फुटणारा कॅरामेल, एकच मूठ,
पाणी दोन अंशांनी कमी.
पंचेचाळिसाव्या मिनिटाला थेंब तांबूस झाला
आणि मी गच्चीवर एकटाच ओरडलो.
शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाई दचकल्या.

फिलिप आता हुबळीला, लेकीकडे.
लिव्हरपायी तिनं बाटली बंद केलीय,
दाण्यांवर बंदी घालायचं मात्र तिला सुचलं नाही.
एसटीच्या पार्सलनं तीन पुड्या पाठवल्या,
वर फक्त आकडे, नावं नाहीत.

रविवारी फोन आला.
हॅलो नाही, काही नाही, आधी कडकड चावणं.
एक नंबर माझाच, म्हणाला, पण शिळा झालाय. माझ्यासारखाच.
दोन नंबर दिखाऊ.
मग तीन नंबर. बराच वेळ.
हा कोण रे?
हरियाणाचा, मी म्हटलं.
पुन्हा चावणं.
बरा आहे लगा. त्याच्यासारखा नाहीय.
पण कामावर येतोय न्हवं?

मोरीतला ड्रम दर चार सेकंदांनी बुडुक करत होता.
मी फोन तिथं नेऊन धरला.
तिकडं फिलिप चावायचा थांबला,
मोजत असणार.