दोष आढळला नाही

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी
फोन मरत नाही, नुसती धाप टाकतो.
सकाळी ठणठणीत. दुपारी खरखर.
आणि गुरुवारी रात्री, वामन घारपुऱ्याचा घोडा
बडोद्याहून निघाला की
दाहोदच्या आसपास कुठेतरी लंगडतो.
'घोडा, राजाच्या उंटाच्या...' म्हणतो वामन,
आणि पुढे तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्याचा आवाज.
चार महिने एकच डाव चाललाय.

मोबाइल आहे. पण वामनच्या कानातलं यंत्र
मोबाइल जवळ नेला की शिट्टी मारतं,
आणि तो म्हणतो, 'ठेवतो रे, भात झाला.'

तक्रार नोंदवली. अकरा आकडी नंबर मिळाला,
तो कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिला.
भेरूलाल पाटीदार आला,
मोटारसायकल फाटकात, अर्धी आत, अर्धी बाहेर.
डबी उघडली, यंत्र लावलं, कान दिला.
'बाबूजी, लाइन तो एकदम टनाटन.'
होतीच. दवाखान्याच्या पायरीवर
दाढ दुखायची थांबते, तशी.
पोहे खाल्ले, वर शेव मागून घेतली,
कागदावर लिहिलं : दोष आढळला नाही.
भेटीचे तीनशे, वर कर चोपन्न.

तो गेला. मी फाटक लावून आलो.
रिसीव्हर उचलला. खरखर.

दुसऱ्यांदा, तीनशे चोपन्न.
तिसऱ्यांदा मी म्हटलं, बसा,
खरखर येईपर्यंत उठायचं नाही.
बसला बिचारा दीड तास.
सोयाबीनचा भाव सांगितला, मेहुण्याचं भांडण सांगितलं.
फोन आपला तंबोऱ्यासारखा सुरात.
जाताना म्हणाला, 'मेरे सामने शरमाती है.'
शरमेचेसुद्धा तीनशे चोपन्न.

मिलमध्ये छत्तीस वर्षं खतावणी लिहिली मी.
एक पैसा जुळेना तर घरी जायचो नाही.
एक हजार बासष्ट नावे टाकले,
जमेच्या बाजूला काय लिहू?

हेमलताला बुद्धिबळातलं काही कळत नाही.
मेथी निवडता निवडता म्हणाली,
'तो असतो तेव्हा फाटक उघडं असतं.'
मान वरही केली नाही.

गेलो. फाटक लोटलं.
खांबाला चिकटून आलेली तार बिजागरीत चेंगरत होती,
साल निघालेली, आतलं तांबं हिरवं पडलेलं.
उघडलं की सुटायची. लावलं की दबायची.
हेमलता आतून ओरडत होती,
'आला! गेला! आला!'
गच्चीवरून राठीजी विचारत होते, कौन आ गया, भिया?

भेरूलाल उकिडवा बसला. हसला. मग गंभीर झाला.
'फाटक के बाहर हमारा. अंदर आपका.'
'आणि बिजागरी?'
मी फूटपट्टी आणली. खरंच आणली.
जखम अगदी मधोमध.
त्यानं पेन्सिल कानामागे खोचली,
वीतभर नवी तार जोडली, खांबापासून लांब नेली,
काळी पट्टी गुंडाळली.
कागद काढलाच नाही.
'आज मैं आया ही नहीं,' म्हणाला
आणि दोन कप चहा प्यायला, न आलेला माणूस.

गुरुवारी वामन इतका स्वच्छ ऐकू आला
की त्याच्यामागचं भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं,
खुर्ची सरकलेली ऐकू आली,
आणि दोन शब्दांच्या मध्ये लागणारी ती धाप,
जी मी चार महिने
आमच्या तारेची समजत होतो.

'वजीर गेला रे तुझा,' म्हणाला.

'नीट ऐकू आलं नाही,' मी म्हटलं.
'पुन्हा सांग. सावकाश सांग.'