पंच क्रमांक दोन

महापे सर्कलला माझं पंक्चरचं दुकान.
रात्री दीडला हवालदार म्हणाला, चल, सही कर.
तोवर झडती उरकलेली,
डिकी उघडी, पोरगा फुटपाथवर उकिडवा,
एकाच पायात चप्पल.

कागदावर मराठीत होतं:
"राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा
हक्क समजावून सांगितला."
पोरगा ओडियात रडत होता.

तीन वर्षांनी ठाणे कोर्टात
तांडेल वकीलबाई विचारतात,
पुडी तुमच्यादेखत सापडली?
आणि सील? लाख कुणी वितळवली?

पोरगा पिंजऱ्यात. दाढी आलीय त्याला.
हवालदार दाराशी, माझ्याकडे बघत.
दुकान अजून महापेलाच आहे.

सही माझीच, साहेब.
त्या रात्री वास येत होता
तो माझ्या हातांच्या सोल्युशनचा.
लाखेचा नाही.