खटका

यूअन क्रेरारनं रीळ आणलं ते मोज्यातून.
लोकरीचा एकच मोजा, टाचेला भोक.
टेबलावर उपडा केला तर आधी वाळू पडली,
मग पितळ.

"फिरतं," तो म्हणाला, "पण बोलत नाही."
पिटलॉक्रीच्या बसवर ड्रायव्हर आहे तो.
त्याच्या बाबतीतही लोक हेच म्हणतात.
टे नदीवरचा हंगाम पंधरा जानेवारीला उघडतो,
आज तीन तारीख.

मी चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला.
पेच गंजलेले. प्रत्येकाच्या मुळाशी थेंबभर तेल,
आणि रात्रभर वाट पाहायची.
घाई केली की पेचाचं डोकं खरवडतं
आणि मग तो कुणाचंच ऐकत नाही.
(मी पेचांबद्दलच बोलते आहे.)

सकाळी झाकण सुटलं.
आत काकवीसारखं काळं वंगण,
एका माशीचा पंख,
आणि खटका, करंगळीच्या नखाएवढा.
याचं काम एकच: चाकाच्या दातांना टोचत राहायचं
आणि सामन दोरी घेऊन पळाला की ओरडायचं.
टोक झिजून बोथट. स्प्रिंग तुटलेली.
त्यात नवल नाही. नव्वद वर्षं ओरडल्यावर
कुणाचाही घसा बसेल.

पण ते चाक!
त्यातले दोन दात मागाहून कुणीतरी लावलेले,
डाग देऊन, कानशीनं घासून,
एक जाड, दुसरा तिरका,
जणू दारू पिऊन बसवलेला.
कोण हा गाढव, मी मोठ्यानं म्हटलं,
दुकानात कुणी नव्हतं ते बरं.
खटका यानंच खाल्लाय, रोज थोडा थोडा.

चाक दिव्याखाली उलटं धरलं.
आतल्या कडेला, सुईनं कोरलेलं,
एक न, आणि साल, चौऱ्याहत्तर.

न म्हणजे नेटा.
म्हणजे मी.
एकवीस वर्षांची, हातात कानस,
म्हातारे टॉश सूप प्यायला घरी गेलेले,
जाताना बजावून गेलेले की या रिळाला हात लावू नकोस.
परत आले, भिंगातून बघत राहिले,
भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं तेव्हा.
मग पावतीपुस्तक माझ्याकडे सरकवलं:
घे, तू लिही.

माझ्याकडे खालच्या खणात मेलेल्या रिळांची चाकं आहेत.
त्यातलं एक बसलं, जसं काही वाटच बघत होतं.
नव्या पोलादाचा खटका कापला,
त्याखाली घड्याळाची स्प्रिंग दुमडून घातली.
मूठ फिरवली: कर्रर्र,
रेशमासारखा सलग आवाज.
पन्नास वर्षांची एक चूक मी गुपचूप
भंगाराच्या डब्यात टाकली.

अकराला यूअन आला. मूठ फिरवली.
पुन्हा फिरवली.
"चांगलं झालंय," म्हणाला. टोपी काढली, घातली.
"पण हे आईचं नाही."

आणि तो बोलेना तो माणूस
जीभ टाळूला लावून
माझ्या दुकानात उभा राहून आवाज काढू लागला:
कर्र कर्र कर्र कट्, कर्र कर्र कर्र कट्.
धुक्यात ती दिसायची नाही, म्हणाला.
तो कट् आला की आम्ही पोरं जाळं घेऊन पळायचो.

मी डब्यात हात घातला.

जुनं चाक धुतलं. तिरका दात तिरका ठेवला.
नव्या खटक्याच्या टोकालाच थोडा उतार दिला,
त्यानंच जुळवून घ्यावं म्हणून.
दोन दिवस गेले त्यात, तेरा तारीख उजाडली.

पावतीवर लिहिलं:
खटका, एक, नवा.
स्प्रिंग, एक.
दात, दोन: पैसे आधीच मिळालेले.

त्यानं ते वाचलं, मान हलवली, काही विचारलं नाही.
रीळ मोज्यात घातलं.
भोकातून मूठ बाहेर डोकावत होती.
मी शिवून दिलं असतं.