तिसरा चौकोन

आमचं ऑफिस फक्त मंगळवारी उघडतं,
कोर्टाच्या तळघरात, बॉयलरच्या भिंतीला लागून.
एक टेबल, डोळे तपासायचं यंत्र, आणि मी.
बाकीचे दिवस दुसऱ्या काउंट्यांमध्ये
हेच टेबल मांडते.

नेब्रास्काच्या या बाजूला
शेजार म्हणजे अकरा मैल.
बस येते ती शाळेपुरती,
तीही रस्ता बर्फाखाली गेला नसेल तर.
म्हणून अडचणीचं लायसन्स. चौदा पुरी झाली की.

जुन्या अर्जात विचारलं होतं, अडचण कसली?
खाली दोन चौकोन. शाळा. शेतीकाम.
सहा वर्षांपूर्वी कॉर्बिन व्होटावाने
तिसरा स्वतःच काढून आणला,
पट्टी लावून, बाकीच्यांच्या मापाचा,
शेजारी लिहिलं: आई.
आणि आत खूण केली.
मी अर्ज परत दिला.
नियमात बसत नाही, म्हटलं.
उभं राहिलं तर चालेल का, त्याने विचारलं.
उद्धटपणा नव्हता त्यात. खरंच विचारत होता.

कॉर्बिन आता पेट्रोल पंपावर असतो.
माझी काच पुसतो, पैसे मोजून परत देतो.
त्याच्या आईचं मी विचारत नाही.

या वर्षी राजधानीत कुणी हात वर केले,
कुणी ते मोजले,
आणि तिसरा चौकोन छापून आला:
घरातील व्यक्तीचे औषधोपचार.
कॉर्बिनच्यापेक्षा जरा लहानच आहे.

आज पहिली ब्रिन हॅव्हलिक.
चौदा वर्षं, नऊ दिवस.
आई, लोरीन, बाहेर बाकावर,
डाव्या दंडाला पट्टी, डोकं भिंतीला टेकलेलं.
आठवड्यातून तीनदा डायलिसिस.
सत्तर मैल जायला, सत्तर यायला.
यायचे जास्त त्रासाचे, ब्रिन म्हणाली,
ऊन थेट डोळ्यांत येतं,
आणि तिने जीभ चावली.

प्रश्न चौथा. याआधी गाडी चालवली आहे का?
ती माझ्याकडे बघते. मी अर्जाकडे.
नाही, ती म्हणते.
नाही, मी लिहिते.
एरवी माझं अक्षर इतकं सुवाच्य नसतं.

पिकअपच्या सीटवर सोफ्याची उशी.
उशीला मधोमध खळगा,
एका दिवसात पडत नाही तसा.
धान्याच्या कोठारापाशी उजवीकडे, म्हटलं.
रुळांपाशी थांबली, दोन्हीकडे बघितलं.
पुलापलीकडचा खड्डा चढावामुळे दिसत नाही;
तिने तो दिसायच्या आधीच चुकवला.
ब्रेक असा दाबायची,
जणू माझ्या जागी कुणी झोपलंय.

परत आल्यावर मी अटी वाचल्या.
घर ते दवाखाना, जवळच्यात जवळच्या रस्त्याने.
मैत्रिणी नाहीत. फोन नाही. अंधार पडल्यावर नाही.
डिसेंबरात सूर्य लवकर बुडतो, ती म्हणाली.
मी म्हटलं, हो.
आणि मधेच आईला मळमळलं तर? थांबता येतं?
मी कागद उलटून पाहिला.
थांबण्याबद्दल कुठेच काही नव्हतं,
ना हो, ना नाही.
थांबता येतं, मी म्हटलं.
हे माझ्या पदरचं.

फोटोत हसू का, तिने विचारलं.
बंदी नाही.
मग हसलीच नाही.

तळघराच्या खिडकीतून रस्ता जेमतेम दिसतो,
चाकं आणि थोडी काच.
मान ताणली तेव्हा काचेत दोन हात दिसले,
घड्याळात दहा वाजून दहा झालेत तसे,
आणि वर टोपीचा शेंडा.
इकडे कुणी नाही, तिकडे कुणी नाही,
आभाळापर्यंत रिकामा रस्ता.
तरी तिने डावीकडचा दिवा लावला,
आणि तो लुकलुकत राहिला
वळून झाल्यावरही बराच वेळ.
जुन्या गाड्यांचं असंच असतं.
त्याचे गुण मी कापले नाहीत.